काही घावलं न्हाई

आमचे आण्णा गावातले ठरलेले पंच. फौजदार आले की निरोप यायचा, आणि आण्णा टोपी झटकून निघायचे. हातभट्टी असो नाहीतर चोरीचा पंप, पंचनाम्यावर त्यांची सही. झडती म्हणजे कागद, हे आमच्या घरात गृहीतच होतं.

ऊसतोडीच्या दिवसात एकदा कागलच्या रस्त्यावर नाकाबंदी लागली होती. दुधाचे कॅन लावलेल्या मोटरसायकली सुटत होत्या, आमची बैलगाडीही सुटली. माळावर पाल ठोकून राहिलेल्या एका पारध्याला मात्र बाजूला घेतलं. त्याचं बाचकं रस्त्यावर उलटं केलं. जोंधळे, बायकोचं लुगडं, पोराची चड्डी. "काय घावलं न्हाई. जा." तो खाली बसून धुळीतनं जोंधळे गोळा करायला लागला.

मी विचारलं, "आण्णा, ह्याचा पंचनामा?"

"घावल्यावर करत्यात. न घावल्याचा कागद नसतोय, लेका."

मग न घावलेली झडती झालीच नाही असं धरायचं का? जोंधळे तर सांडले होते, आणि चारचौघांनी बघितलंही होतं. 'काही केलं नसेल तर भ्यायचं कशाला?' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं बाचकं कुणी रस्त्यावर उलटं केलेलं नसतं.

आपल्या कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसाच्या जन्मावरच संशय ठेवला. करवीर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना हजेरी लावावी लागे, गुन्हा असो वा नसो. 1918 साली शाहू महाराजांनी ती बंद केली. ज्यांच्यावर गावाचा डोळा, त्या फासेपारध्यांना त्यांनी पहाऱ्यावर नेमलं. (आज असा पहारेकरी नेमायचा म्हटलं तर सोसायटीची मीटिंग दोन तास चालेल.) पण हजेरीची निदान पद्धत ठरलेली होती, म्हणून एका हुकमानं ती मोडता आली. रस्त्यावरच्या संशयाचा हुकूमच नसतो. मोडायचं काय?

घराची झडती वॉरंटाशिवाय घ्यायची तर तपासी अंमलदारानं आधी कारण लिहावं, नक्कल मॅजिस्ट्रेटकडं धाडावी, असा नियम जुनाच आहे. जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेत त्याला 48 तासांची मुदत आली, चित्रीकरणही आलं. हे झालं घराचं. ज्याचं घरच पाल, आणि झडती वाटेवर, त्याचं काय? इंग्लंडात 1984 च्या कायद्यानं वाटेवरच्या झडतीचीही नोंद करायला लावली. मागितली तर नक्कल मिळते. काळ्या लोकांना जास्त अडवतात, हे तिथं सरकारी आकडे पुढं ठेवून भांडता येतं. अन्याय थांबलाय असं नव्हे, पण तो मोजता येतो.

आपल्याकडं 2006 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, 2014 मध्ये कायदा बदलून पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली. चांगलंच झालं. पण तिथं जायचं तर दिवस कुठला, शिपाई कोण, कारण काय, हे सांगावं लागणार. ते कुठं लिहिलेलंच नसतं.

ओळखीचे एक हवालदार म्हणाले, "गुरुजी, उन्हातान्हात शंभर गाड्या बघायच्या, त्यात वही कधी भरू?" त्यांचंही खोटं नाही, ड्युटी किती तासांची असते ते मी बघतो. पण त्याच नाक्यावर हेल्मेटच्या दंडाची पावती मशीनमधनं मिनिटात निघते, तारीख-वेळेसकट.