राखण

महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, आंबोलीच्या घाटमाथ्यावर, बेडकाच्या जातीचा एक लहानसा जीव राहतो. आंबोली व आसपासचा सह्याद्री एवढेच त्याचे जग. कुशीवरील पिवळ्या पट्ट्यांवरून शास्त्रज्ञांनी २००९ साली त्याला 'झँथोफ्राइने टायग्रिना' असे नाव दिले. इंग्रजीत त्यास 'आंबोली टोड' म्हणतात. अतिसंकटग्रस्त प्राण्यांत त्याची नोंद आहे.

पावसाळ्याच्या प्रारंभी जांभ्याच्या सड्यावरील खळगे भरले की त्या उथळ पाण्यात मादी अंडी घालते. मध्येच उघडीप पडली तर खळगा आटतो आणि सारेच संपते. सरकारी दप्तरी असा सडा बहुधा पडीक जमिनीत मोडतो. शब्द तोलण्यात आयुष्य घालविलेल्या मजसारख्या भाषांतरकाराला हा शब्द खुपतो. आपल्याला तेथून काही मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण ऐकणारा समजतो की तेथे कोणी राहतच नाही.

अशा जीवाचे आपण काही देणे लागतो काय? बेडूक डास खातात, म्हणून ते जगावेत, असे उत्तर सहसा मिळते. मला ते लंगडे वाटते. उद्या डासांवर रामबाण औषध निघाले तर बेडकाचा हक्क संपला म्हणावयाचा काय? म्हाताऱ्या आईबापांविषयी असा हिशेब कोणी मांडला तर आपण त्याला काय म्हणू?

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला बागेत ठेवले ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. राखणीचे मूळ इब्री क्रियापद 'शामर'. हाबेलाविषयी विचारणा होताच काइन ज्या शब्दाने जबाबदारी झटकतो, तोही याच धातूचा. राखणदाराला मालाची किंमत ठरविण्याचा अधिकार नसतो. शिवाय त्याच अध्यायात प्राणी आधी घडविले जातात, नावे मागाहून मिळतात. २००९ च्या आधीही हा जीव त्या खळग्यांत होताच.

येथे एक अडचण आहे, ती झाकू नये. घाटातील माणसालाही पोट आहे. पावसाळी पर्यटकांवर तेथील कित्येकांची चूल पेटते. राखणीचा सारा भार त्यांच्यावर टाकून आपण दुरून उपदेश करणे न्यायाचे नाही. पावसाळी रात्री हे जीव रस्ता ओलांडतात व चाकांखाली सापडतात. त्या गाड्यांतील पुष्कळशा दूरच्या शहरांतून आलेल्या असतात. आपल्यापैकी कोणाचीही त्यांत असू शकेल.