पाण्यापर्यंत नेणारे कुणी आहे का?



मागच्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही मिस्साची वेळ बदलली आणि सूचना फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. एक आजी नेहमीच्या वेळेला छत्री घेऊन आल्या, तेव्हा मिस्सा आटोपली होती. "माझ्याकडं तसला फोन नाही, फादर," एवढंच त्या म्हणाल्या. चूक आमची होती. ओशाळल्या मात्र त्या.

संत योहानच्या शुभवर्तमानात (अध्याय ५) बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेला एक माणूस भेटतो. पाणी समोरच होते. पण त्याला उतरवणारे कुणी नव्हते. तो पोहोचेपर्यंत दुसराच आधी उतरत असे.

आपल्या मुळशी तालुक्यातही असे तळे आहे. हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये साऱ्या जगासाठी संगणकाचे काम चालते. त्याच तालुक्यात डोंगराकडच्या वाड्यांवर रेंजसाठी टेकाड शोधावे लागते. जन्मभर भातलावणी केलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि रेशनच्या दुकानातले यंत्र तो अंगठा ओळखत नाही. ज्या हातांनी आपल्याला भरवले, तेच हात रिकामे परततात.

वाटा आहेत. हयातीचा दाखला २०१४ पासून 'जीवन प्रमाण'वर देता येतो. २०२१ पासून अंगठ्याऐवजी चेहरा दाखवूनही. २०२० पासून पोस्टमन घरी येऊनही तो काढून देतो. पण हे आजोबांना सांगणार कोण?

येशूने त्या माणसाला आधी त्याची इच्छा विचारली, मग स्वतःच्या पायांवर उभे केले. आपण मात्र "आण इकडे, तुला नाही जमायचं" म्हणत फोन ओढून घेतो. काम होते, माणूस काठावरच राहतो. यंत्र हे साधन आहे, माणूस साध्य आहे, हे आपण विसरतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी ठरवून दिला. पण त्यांना आपली गरज वर्षभर असते. तरुणांनो, मिस्सानंतर अर्धा तास एखाद्या आजीशेजारी बसा. तीच गोष्ट चौथ्यांदा विचारली तरी चौथ्यांदा सांगा. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही आणि फसवणूक झाल्यास १९३० वर फोन करायचा, हेही शिकवा. आणि आम्ही प्रत्येक सूचना वेदीवरून वाचू, दारातल्या फळ्यावरही लिहू.

प्रभू आपल्याला थांबून हात देण्याची कृपा देवो. आमेन.

आपला धर्मगुरू