पाहणाऱ्याचा अखत्यार

एका यंत्राच्या पोटात अनेक यंत्रे वसवावीत, त्यांपैकी प्रत्येकाला आपण स्वतंत्र आहोत असे वाटावे आणि वस्तुतः सर्वांनी एकाच प्रोसेसरवर व एकाच मेमरीवर उपजीविका करावी, ही व्हर्च्युअलायझेशनची कल्पना आयबीएमच्या मॅसाच्युसेट्समधील केंब्रिज येथील केंद्रात १९६०नंतरच्या दशकात आकारास आली, तेव्हा ती केवळ धनाढ्य संस्थांच्या आटोक्यातली होती. २००७ साली हीच कल्पना राबविणारे केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाले, पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या एका कंपनीने अशा यंत्रांचा कारभार पाहणारे प्रॉक्समॉक्स प्रसिद्ध केले, आणि हळूहळू हे वैभव मध्यमवर्गीयाच्या घरी, पुस्तकांच्या कपाटावर, शब्दकोशाएवढ्या पेटीत येऊन बसले. माझ्या घरच्या पेटीत कुटुंबाची छायाचित्रे आहेत, वडिलांच्या जुन्या कागदपत्रांच्या प्रती आहेत आणि घराचा जमाखर्च आहे. म्हणून तिच्या प्रकृतीची चौकशी करीत राहणे हे मला गृहकृत्यच वाटते.

ही चौकशी घरातील उपकरणे सांभाळणाऱ्या होम असिस्टंट या प्रणालीकडे सोपवावी हा विचार स्वाभाविक आहे, कारण दिव्यांची, पाण्याच्या टाकीची आणि दाराच्या कडीची खबर जो ठेवतो, त्यानेच सर्व्हरचीही ठेवावी. जोडणीही अर्ध्या तासाची: पत्ता, ८००६ क्रमांकाचे पोर्ट, नाव आणि पासवर्ड. परंतु त्या अर्ध्या तासात आपण कारभाराचा एक गंभीर प्रश्न निकालात काढीत असतो, आणि पुष्कळ जण रूटचा पासवर्ड देऊन, म्हणजे सर्वाधिकाराची मुखत्यारी लिहून देऊन, त्यातून मोकळे होतात.

शिवकाळात गडाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरीचे व हिशेबाचे दप्तर सबनिसाकडे आणि साठ्याचा बंदोबस्त कारखानिसाकडे असे. या विभागणीच्या मुळाशी माणसाविषयीचा अविश्वास नव्हता. कोणीही एक मनुष्य फितला, चुकला किंवा पकडला गेला तरी गड जाऊ नये, एवढीच दूरदृष्टी तीत होती. प्रॉक्समॉक्समध्ये पीव्हीईऑडिटर नावाची जी भूमिका आहे ती मला या सबनिसाच्या जातीची वाटते: तिला सर्व काही दिसते, पण एक खिळाही हलविता येत नाही. तिच्यासाठी निराळा वापरकर्ता निर्माण करावा आणि त्याच्या नावाने टोकन काढावे. ही अशी सनद आहे की जिचे गुप्त अक्षर एकदाच दाखविले जाते आणि जी मनात येईल तेव्हा रद्द करता येते. फोनवरून एखादे आभासी यंत्र पुन्हा सुरू करता यावे असे कोणाला वाटले, तर ती मुभा त्या एका यंत्रापुरती द्यावी. ज्या होम असिस्टंटशी नाना उत्पादकांचे दिवे, कॅमेरे आणि अनोळखी लोकांनी लिहिलेली जोडकामे बोलतात, त्याच्या हाती गडाच्या किल्ल्या ठेवण्याचे कोणतेही समर्थन मला पटत नाही. प्रमाणपत्राची पडताळणी बंद करण्याची सोय हीदेखील अशीच. तिच्यामुळे उत्तर देणारा आपलाच सर्व्हर आहे की त्याच्या नावाने दुसराच कोणी बोलतो आहे, हे ओळखण्याचा शिक्काच आपण फेकून देतो.

मात्र या जोडणीचे खरे मोल मला उशिरा कळले. प्रॉक्समॉक्स आपल्या प्रोसेसरवरचा भार सांगते, मेमरी सांगते, डिस्क किती भरली ते सांगते. पण ज्या खोलीत ते उभे आहे ती वैशाखात किती तापली, भिंतीतून किती वॅट वीज ओढली जात आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते घराला ठाऊक असते. कपाटावर ठेवलेला आगपेटीएवढा तापमापक आणि वीज मोजणारा प्लग यांचे आकडे सर्व्हरच्या भाराशेजारी ठेवले, तेव्हा दुपारी पंखा का गुरगुरतो याचा उलगडा झाला: भार तोच होता, खोली सात अंशांनी तापली होती. त्याच प्लगने उष्मा वाढताच वीज तोडावी, हा मोहही तेव्हाच झाला. तो मी आवरला, कारण चालत्या डिस्कखालची वीज तोडणे हा उपचार नव्हे; शिवाय माझा होम असिस्टंट त्याच पेटीत राहत असल्याने, बसल्या फांदीवरच कुऱ्हाड पडली असती आणि वीज पुन्हा जोडायला कोणी उरले नसते.

या सहवासाची किंमत मला गतवर्षी ज्येष्ठात मोजावी लागली. आम्ही लग्नाला कोल्हापुरास गेलो होतो. पहिल्या पावसात घरची वीज गेली, पेटीला आधार देणारी बॅटरी संपत आली, पेटी शिस्तीने निजली आणि वीज परतल्यावर उठली नाही. दोन दिवस फोनवर एकही सूचना आली नाही, आणि आम्ही त्या मौनालाच खुशाली समजलो. संकटाची वर्दी देणारा जासूदच संकटात निजला होता. होम असिस्टंट बाहेर असता, तर त्याने सर्व्हरच्या प्रत्येक नोंदीपुढे ‘अनुपलब्ध’ असे लिहिले असते. हा शब्द ‘बंद’ याहून निराळा आहे, आणि हा भेद राखणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो, कारण ‘बंद’ म्हणणारा पाहून बोलतो, तर ‘अनुपलब्ध’ म्हणणारा आपल्याला दिसत नाही एवढेच प्रांजळपणे कबूल करतो.

पूर्वी परगावी गेलेल्या माणसाने पोचल्यावर खुशालीचे पत्र टाकावे अशी रीत होती, आणि ते आले नाही की घरातली माणसे कासावीस होत. न आलेले पत्रही त्यांना वाचता येत असे. मी आता तीच रीत यंत्राला लावली आहे. नाशिकला बहिणीच्या घरी, राउटरशेजारी, रास्पबेरी पाय नावाचा एक लहानसा संगणक आहे. माझा होम असिस्टंट दर पाच मिनिटांनी त्याला केवळ ‘आहे’ एवढे कळवितो. लागोपाठ तीन पत्रे चुकली की तो संगणक माझ्या आणि बहिणीच्या फोनवर संदेश धाडतो. त्याला माझ्या सर्व्हरचा पासवर्ड ठाऊक नाही, पीव्हीईऑडिटरचीही सनद त्याच्यापाशी नाही. श्रावणात एकदा पहाटे संदेश आला, आणि मी उठण्यापूर्वीच बहिणीचा फोन आला, “दादा, तुझ्याकडे वीज गेलीय का रे?”