फुटलेला तंबोरा

एकाच्या मालकीची वस्तू दुसऱ्याच्या हातून मोडली, तर प्रश्न दोघांतच मिटतो. पण वस्तू सगळ्यांची असेल तर भरपाई कोणी कोणाला द्यायची?

मिरजेतल्या आमच्या मोहल्ल्यात संध्याकाळी गाण्याचा एक लहानसा वर्ग भरतो. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत, त्या गावात हे नवल नाही. वर्गाकडे वर्गणीतून घेतलेला एकच तंबोरा. मागच्या पावसाळ्यात बारा वर्षांच्या एका मुलाचा धक्का लागला आणि त्याचा भोपळा फुटला. दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील आले. हमाली करणारा माणूस. म्हणाले, "नवा घ्या. मी हप्त्याहप्त्याने फेडतो." बैठकीत बहुतेकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. उसन्या वस्तूबद्दल आपल्या फिकहमध्ये बारीक विचार आहे. हनफी मताप्रमाणे ती अमानत. हयगय किंवा गैरवापर नसेल तर भरपाई नाही. शाफई मत कडक. रोजच्या वापराची झीज सोडून बाकीचे नुकसान घेणाऱ्याने भरावे. देशावर आपण बहुतेक हनफी, कोकणात शाफई. म्हणजे घाट उतरला की निकाल बदलतो! पण इथे तंबोरा उसना तरी कुठे होता? वर्गणीत त्या हमालाचेही पैसे होते. मुलगा आपल्याच वस्तूला धडकला होता.

बुखारीतली एक हदीस आठवली. पैगंबर (स.) एका पत्नीच्या घरी असताना दुसरीने वाडग्यातून जेवण पाठवले. घरातलीने हात मारला, वाडगा फुटला. पैगंबरांनी स्वतः तुकडे जुळवले, सांडलेले अन्न गोळा केले, मग त्या घरातला धड वाडगा परत पाठवला आणि फुटका तिथेच ठेवून घेतला. भरपाई झाली, पण कुणाची मान खाली गेली नाही. आणि फुटके राहिले ते जिथे फुटले त्या घरात. आमचा तंबोरा ज्या घरात फुटला, ते घर आम्हा सगळ्यांचे होते.

तंबोरा सतारमेकर गल्लीत नेला. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तिथे वाद्ये घडवायला सुरुवात केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हाताऱ्या कारागिरांनी भोपळ्यावरून बोटे फिरवली आणि विचारले, "भिंतीला उभा टेकवून कोण ठेवत होतं? गवसणी नव्हती?"

रात्री खोलीला कुलूप मी लावतो. टेकवून ठेवणारा मीच. गवसणी फाटली, तेव्हा पुढच्या महिन्यात बघू म्हणणाराही मीच. मुलाचा धक्का शेवटचा होता एवढेच, आणि तो सगळ्यांना दिसला.

नवाच घ्यावा का, असे मी विचारले. ते म्हणाले, "तुकडे सगळे आहेत, जोडता येईल. जवारी पुन्हा काढावी लागेल. आवाज येईल, भेग दिसेल. नव्याचा आवाज नवा असेल. पंढरपूरकडचे भोपळे शेतात वाढतात, साच्यात नाही."

पुढच्या बैठकीत मी माझी हयगय सांगितली. सांगणे सोपे गेले नाही. दुरुस्तीचा खर्च सगळ्यांत वाटायचे ठरले, गवसणी माझ्याकडे लागली. मुलाच्या वडिलांना हे पटेना. पहिल्या हप्त्याची घडी केलेली नोट त्यांनी पुढे केली. ती पूर्ण नाकारली असती तर आमच्या दयेचे ओझे त्यांच्या पाठीवर आणखी एक पोते झाले असते. म्हणून इतरांइतकाच त्यांचा वाटा ठेवून घेतला आणि उरलेले पैसे परत दिले. त्यांनी ते मोजून खिशात घातले.

सामाईक वस्तूची गोडी वाटून घ्यायला सगळेच तयार असतात. मोडतोड मात्र आपण शेवटी हात लावणाऱ्याच्या नावावर टाकून मोकळे होतो. भेग अजून दिसते. तो मुलगा वर्गाला येतो, पण तंबोऱ्यापासून जरा लांबच बसतो. ती दुरुस्ती अजून बाकी आहे.