घर कोणाच्या नावावर

कसालच्या तिठ्यावरून एक फाटा मालवणला जातो आणि महामार्ग कुडाळ, सावंतवाडी, बांदा करत गोव्यात शिरतो. सोयरिकी दोन्हीकडच्या. पण पत्रादेवीचा नाका ओलांडला की संसाराचा हिशेब बदलतो. गोवेकर जोडप्याने लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता दोघांची सामायिक ठरते. संसार मोडला तर निम्मी-निम्मी. नाक्याच्या अलीकडे संसार मोडला, तर पहिला प्रश्न येतो तो कागदावर नाव कोणाचं, हा.

गोव्याला हा कायदा काही स्त्रीमुक्तीच्या विचारातून मिळाला नाही. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 मध्ये तिथे लागू झाली आणि पोर्तुगाल गेल्यावरही राहिली. मूळ संहितेत सामायिक मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्याच हाती होता, आणि अर्धं म्हणजे संसाराच्या कर्जातलंही अर्धं. त्यामुळे आपल्याकडे गोव्याचं कौतुक होतं तेव्हा मी जरा हात राखून ऐकतो. तरी तिथे जमीन विकताना बायकोची सही लागते, ही साधी गोष्ट नव्हे. आयकर कायद्यानुसार अशा जोडप्याचं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न दोघांच्या विवरणपत्रांत निम्मं-निम्मं दाखवतात. म्हणजे दिल्लीच्या सरकारलाही हे अर्धं मान्य आहे, पण फक्त गोव्यासारख्या जुन्या पोर्तुगीज मुलखापुरतं.

आपल्या बाजूला विचार सुरू झाला तो पोटगीपासून. त्याआधी अनेक जातींत काडीमोड होती. पंच बसत, दागिने आणि लग्नखर्च यांचा निवाडा करत. जमिनीचा विषय साधारणपणे निघतच नसे. मुंबई प्रांताने 1947 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला आणि 1955 मध्ये तो हक्क देशभर गेला. नातं तोडायची सोय झाली, पण नात्यात जमलेलं वाटायची झाली नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम 27 बोलतं ते लग्नाच्या सुमारास भेट आलेल्या आणि दोघांच्या मालकीच्या वस्तूंबद्दल. कलम 25 बोलतं ते निर्वाहाबद्दल. स्त्रीधन तिचं एकटीचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात ठणकावून सांगितलं. पण लग्नानंतरच्या वीस वर्षांत दोघांच्या घामाने उभं राहिलेलं काय? त्यावर कायदा गप्प होता. बाईला उपाशी ठेवू नये इथपर्यंतच त्याची समज पोचली होती. ती भागीदार आहे, हे अजून सुचायचं होतं.

महाराष्ट्रात ते ठळकपणे मांडलं शेतकरी नेते शरद जोशींनी. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं आणि त्यापाठोपाठ लक्ष्मीमुक्तीची मोहीम आली: शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला काही भाग बायकोच्या नावावर करावा. जोशींनी याला उपकार म्हटलं नाही. बाईच्या कष्टाचं कर्ज फेडायचं, अशी ती मांडणी होती. मला ती गोव्याच्या संहितेपेक्षा मोलाची वाटते, कारण तिच्यात बाईचा वाटा लग्नाच्या नोंदीतून नाही, कामातून येतो. पुढे सरकारनेही सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावायची सोय केली. कमतरता एकच, पण मोठी: सगळं नवऱ्याच्या मनावर. ज्या घरात भांडण आहे, तिथला नवरा तलाठ्याकडे कशाला जाईल?

न्यायालयं मात्र हळूहळू पुढे सरकली. इंग्लंडमध्ये 2000 साली व्हाइट या शेतकरी जोडप्याच्या खटल्यात कमावणारा आणि घर चालवणारी यांत भेदभाव करायचा नाही, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटलं. आपल्याकडे 2021 मध्ये कीर्ती खटल्यात अपघाताची भरपाई ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल दिलं. 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत बायकोला निम्मा वाटा मान्य केला. संसदेचं काय? पतीच्या स्थावरात पत्नीला वाटा देणारं विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं आणि लोकसभेत मंजूर न होता विरून गेलं.

समजा उद्या तसं विधेयक मंजूर झालं, तर कसालमध्ये काय होईल? इथे अडचण वेगळीच आहे. नवरा मुंबईला, बायको गावाला, ही इथली जुनी घडी. चिऱ्याचा ट्रक आला की चिरे मोजून घेणारी ती, गवंड्याचा हिशेब ठेवणारी ती, काजूची बी वेचून बाजारात नेणारी ती, सोलं वाळवणारी ती. पण घरपट्टीच्या पावतीवर सासऱ्याचं नाव. सातबाऱ्यावर आजे-सासऱ्याचे वारस, मुंबई-पुण्यातले चुलते धरून, वाटप न झालेले. तिला विचारा, ती सांगेल: ‘घर माजा नाय, सासऱ्याचा.’ नवऱ्याच्या नावावर म्हणाल तर बँकेचं पासबुक आणि मोटारसायकल. याचं निम्मं करून तिने घ्यायचं काय?

2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने अशा घरात राहण्याचा हक्क तिला दिला, आणि घर सासऱ्याच्या मालकीचं असलं तरी तो हक्क मागता येतो, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आहुजा खटल्यात स्पष्ट केलं. पण राहणं वेगळं, मालकी वेगळी. घटस्फोटानंतर त्या घरात ती राहणार तरी कशी? मग वकील एकरकमी आकडा सुचवतात. तो ठरतो नवऱ्याच्या पगारावरून. घर आणि बाग त्या हिशेबात नावालाही नसतात.

म्हणून नवा कायदा झालाच तर त्याने मालकीच्या कागदापाशी थांबू नये. लग्नाच्या तारखेपासून त्या घरात आणि बागेत काय भर पडली, कोणी घातली, हे कोर्टाने तपासावं. नवऱ्याचा न वाटलेला हिस्साही मोजावा, आणि जमीन तोडणं शक्य नसेल तिथे तेवढी रक्कम तिला द्यायला लावावी. चुलते नाराज होतील. व्हावेत. निदान त्या निमित्ताने वर्षानुवर्षं रखडलेली वाटपं तरी मार्गी लागतील.