पत्रासोबत माणूसही पाठवा





मागच्या आगमनकाळात आपल्या धर्मग्रामात एक लहानशी गोष्ट घडली. तुमच्यापैकी अनेकांना ती ठाऊक आहे. आज तिच्याकडे आपण देवाच्या वचनाच्या प्रकाशात पाहू या.

पूर्वी नाताळच्या तयारीची बैठक म्हटली की शेंदुर्णी, जामनेर, वाकोद अशा गावोगावी निरोप धाडावे लागत. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी चालू होती तेव्हा काही मंडळी तिच्या वेळेवर पहूरला येत आणि तिच्याच वेळेवर उठत. २०२० च्या टाळेबंदीत ती गाडी बंद पडली. त्याच काळात आपण सगळे मोबाइलवर भेटायला शिकलो. या खेपेला आपल्या तरुणांनी गूगल डॉकवर नाताळच्या तयारीची एक यादी उघडली आणि सर्वांना तिची लिंक पाठवली. ज्याला जे सुचेल ते त्याने तिथेच लिहायचे. पुण्याला शिकणारी मुले, नाशिकला नोकरी करणारे भाऊ आणि इथली मंडळी एकाच वेळी लिहीत होती. गव्हाणी कोणी करायची, गायनवृंदात कोण, फराळाचा खर्च किती, हे सारे तासाभरात ठरले. आम्हाला फार आनंद झाला.

त्याच तासात एक बदल झाला. नाताळच्या रात्री यशयाच्या ग्रंथातील पहिले वाचन आपले एक वृद्ध बाबा कित्येक वर्षे करीत आले आहेत. त्यांच्यापुढे एका तरुणाचे नाव लिहिले गेले. कोणाच्या मनात वाईट नव्हते. बाबांची नजर अधू झाली आहे, त्यांना त्रास नको, असे एकाने लिहिले. दुसऱ्याने त्याखाली अंगठा दाखवला. तिसऱ्याने नाव बदलले. बाबांकडे स्मार्टफोन नाही. रविवारी मंदिराच्या दारावर लावलेली यादी पाहून त्यांना ते कळले. पुढचे दोन रविवार ते मिस्साला दिसले नाहीत.

मग आम्ही त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. शेवटी एवढेच म्हणाले, "समद्यायनं लिव्हलं भाऊ, पन मले इचारलं कोनं?" मग त्यांनी कोनाड्यातून एक वही काढली. नजर कमी झाली म्हणून त्यांनी ते वाचन नातवाकडून मोठ्या अक्षरांत उतरवून घेतले होते आणि महिनाभर ते रोज संध्याकाळी त्याचा सराव करीत होते.

आमच्याजवळ उत्तर नव्हते. लिहिणारे हात पुष्कळ होते. ऐकणारा कान एकही नव्हता.

बंधूभगिनींनो, आपण साधनाला दोष देणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कसाधनांविषयी खास आदेशपत्र काढले आणि ही साधने देवाच्या मदतीने माणसाच्या बुद्धीने शोधलेली आहेत हे आनंदाने मान्य केले. टाळेबंदीत मंदिराची दारे बंद होती तेव्हा याच साधनांनी आपल्या घरात मिस्सा पोहोचवली. आज दूर गेलेली आपली मुले याच साधनांमुळे आपल्या कामात सहभागी होतात. बैठकीत काय ठरले यावरून पूर्वी वाद होत, आता ते लिहिलेले असते. हे सर्व चांगलेच आहे. प्रश्न असा आहे की एकाच वेळी सगळ्यांना बोलता आले, म्हणजे आपले एकमेकांशी बोलणे झाले का?

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा पंधरावा अध्याय काढून पाहा. इ. स. ४९ च्या सुमाराची गोष्ट आहे. अंत्युखियाच्या मंडळीत मोठा वाद पेटला होता. परराष्ट्रीयांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांची सुंता झालीच पाहिजे का? पौल आणि बर्णबा हा प्रश्न घेऊन यरुशलेमला गेले. तिथे पुष्कळ वादविवाद झाला. मग पेत्र बोलला. त्यानंतर लूक जे सांगतो ते आपण सहसा वाचून पुढे जातो: सगळी सभा गप्प झाली आणि पौल व बर्णबा यांचे ऐकू लागली. याकोब त्यानंतर बोलला आणि मग निर्णय झाला. आधी शांतता, मग ऐकणे, मग निर्णय, आणि लिहिणे सर्वांत शेवटी. आपण नेमके उलट केले. आधी लिहिले आणि ऐकायला दोन रविवार उशिरा गेलो.

निर्णय झाल्यावर प्रेषितांनी अंत्युखियाला पत्र लिहिले. पत्र अगदी थोडक्या ओळींचे होते. तेवढे पाठवून भागले असते. पण त्यांनी पत्रासोबत यहूदा आणि सीला या दोघांना पाठवले, आणि तेही हेच तोंडी सांगतील असे त्या पत्रातच लिहिले. कशासाठी? कारण पत्राला प्रश्न विचारता येत नाही. पत्राला समोरच्याचा उतरलेला चेहरा दिसत नाही. ही दोन माणसे शेकडो मैलांची वाट तुडवून गेली, तिथे काही दिवस राहिली आणि त्यांनी बंधूंना धीर दिला. संत योहानाच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटीही हेच आहे. लिहिण्यासारखे पुष्कळ असूनही तो कागद व शाई बाजूला ठेवतो आणि आनंद पूर्ण व्हावा म्हणून समोरासमोर बोलायला येण्याची आशा व्यक्त करतो.

मोबाइलवरच्या संभाषणात आणखी एक मोह असतो, तो घाईचा. व्हॉट्सअॅपने २०१४ मध्ये निळ्या खुणा आणल्या. तेव्हापासून आपला संदेश वाचला गेला हे आपल्याला लगेच कळते आणि उत्तर लगेच आले नाही तर मनात शंका येते. आपणही मग विचार न करता उत्तर देऊन मोकळे होतो. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला प्रभूपुढे आणले तेव्हा लोकांना ताबडतोब उत्तर हवे होते. प्रभू खाली वाकला आणि बोटाने जमिनीवर लिहू लागला. त्या थोड्या वेळात हातातल्या दगडांचे वजन लोकांना जाणवले असावे. उत्तर उशिरा आले आणि एक जीव वाचला.

उत्तराची घाई जीवही घेऊ शकते, हे आपल्या खानदेशाने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगावी पसरली होती. ती माणसे भिक्षा मागून पोट भरणारी होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्राला मर्यादा घालता आली. आपल्या बोटाला मर्यादा आपणच घालायची आहे. नाताळची यादी आणि राईनपाडा यांची बरोबरी होऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्याच्याविषयी आपण बोलतो त्याला आधी काही विचारायचे नाही, ही सवय लहान गोष्टीतच जडते.

ही सवय मोडायची कशी? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२२ च्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशात अंतःकरणाच्या कानाने ऐकण्याविषयी लिहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॅटिकनमध्ये सिनडची सभा भरली तेव्हा महागुरू, धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक गोल टेबलांभोवती बसले. प्रत्येकाने आळीपाळीने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. मग काही वेळ शांत राहून प्रार्थना करायची. त्यानंतर स्वतःचा मुद्दा पुढे न रेटता, इतरांच्या बोलण्यातले आपल्या मनाला काय भिडले ते सांगायचे. एकमत शोधायचे ते त्यानंतर. ही रीत जगभरच्या ख्रिस्तसभेला चालते, तर आपल्या दहा-बारा जणांच्या पॅरिश कौन्सिललाही चालेल.

म्हणून या वर्षी आपण चार गोष्टी पाळू या. पहिली, ज्या माणसाचे काम बदलायचे असेल त्याला आधी प्रत्यक्ष भेटायचे, तो दूर असेल तर फोन करून बोलायचे. त्याच्याशी बोलणे झाल्याशिवाय यादीतले नाव बदलायचे नाही. दुसरी, ग्रुपवर काहीही ठरले तरी मध्ये एक रात्र जाऊ द्यायची. तिसरी, ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांची नावे लिहून ठेवायची आणि प्रत्येक निर्णय त्यांच्या घरी जाऊन कळवायचा. हे काम तरुणांनी घ्यावे. ते आपल्या मंडळीचे यहूदा आणि सीला होतील. चौथी, कोणाची चूक दिसली तर ती ग्रुपवर लिहायची नाही. संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू सांगतो की आधी एकट्याने जाऊन भावाशी बोलावे. नंतर एकदोघांना बरोबर न्यावे आणि मंडळीला सर्वांत शेवटी सांगावे. ग्रुपवर पहिलीच पायरी मंडळीची होते. मग भाऊ परत मिळण्याऐवजी कायमचा दुरावतो.

बाबांचे काय झाले, ते नाताळच्या रात्री जे हजर होते त्यांना माहीत आहे. पहिले वाचन त्यांनीच केले, त्या वहीतून, सावकाश. यादीत ज्याचे नाव लिहिले गेले होते तो तरुण शेजारी उभा राहून त्यांची पाने उलटत होता. त्यासाठी आदल्या आठवड्यात दोन संध्याकाळी तो बाबांच्या घरी जाऊन बसला होता. हे मात्र कोणत्याही यादीत लिहिलेले नव्हते.

देवाने आपल्याला निरनिराळ्या काळी संदेष्ट्यांच्या द्वारे निरोप पाठवले. तेवढ्याने तो थांबला नाही. शेवटी तो स्वतः आला. आपला प्रभू हाच देवाचा शब्द आहे, आणि तो शब्द देह धारण करून आपल्यात राहिला. आपल्याही शब्दांना पाय फुटोत आणि ते शेजाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत जावोत.

हे प्रभू येशू, तू आमच्यात येऊन राहिलास. आमच्या हातातल्या साधनांना आशीर्वाद दे. लिहिण्यापूर्वी आम्हाला ऐकायला शिकव आणि ज्याला कोणी विचारत नाही त्याच्या दारी आम्हाला पाठव. आमेन.