घराचे कूळ

आमच्या पाटणात, जेथे केरा नदी कोयनेस मिळते त्या संगमापासून फार दूर नसलेल्या एका जुन्या वाड्याच्या मागील अंगास, दोन खोल्यांचे एक बिऱ्हाड आहे. पती-पत्नी दोघेही मिळवते आहेत, मुलगी सातवीत शिकते, भाडे महिन्याच्या पाच तारखेच्या आत चुकते होते आणि मालकाची त्यांच्याविषयी कसलीही तक्रार नाही. त्या घराच्या दाराशी तुळस आहे. परंतु ती वृंदावनात नसून तेलाच्या कापलेल्या पत्र्याच्या डब्यात लावलेली आहे. एके दिवशी मी सहज कारण विचारले, तेव्हा ती गृहिणी म्हणाली, "वृंदावन बांधलं तर ते इथंच ठेवून जावं लागंल, काका. डबा टेंपोत घालता येतो." सात वर्षांत तो डबा तीन वेळा टेंपोत चढला आहे, आणि तिन्ही वेळा या कुटुंबाकडे भाड्याची एक दमडीही थकलेली नव्हती. तिच्या उत्तरात गाऱ्हाण्याचा सूर नव्हता. जे अटळ आहे ते मनाने स्वीकारल्याची शांतता होती, आणि त्या शांततेनेच मला अस्वस्थ केले.

मराठी भाषेत 'कूळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वंशाचा, घराण्याचा. दुसरा, मालकाची जमीन कसून त्याला खंड देणाऱ्या माणसाचा. हे दोन अर्थ एका शब्दात नांदतात यात मला आपल्या पूर्वजांचे शहाणपण दिसते. कारण खंड देणारा हा केवळ एक इसम नव्हे, त्याच्यामागे म्हातारी माणसे आहेत, चूल आहे, लेकरे आहेत, आणि जमीन सुटली तर हे सारे गणगोत उघड्यावर येते, ही जाणीव त्या शब्दातच मुरलेली आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्या विधिमंडळाने हीच जाणीव कायद्यात उतरविली. मुंबई राज्याचा १९४८ चा कुळवहिवाट अधिनियम झाला, पुढे त्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि त्या दिवशी प्रत्यक्ष कसणारे कूळ हे जमिनीचे खरेदीदार आहे असे कायद्याने मानले. मालकास किंमत मिळाली, कुळास ती हप्त्यांनी फेडण्याची सवलत मिळाली, आणि ज्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या केवळ मालकाच्या चोपडीत होते त्याचे नाव सातबाऱ्यावर आले. साताऱ्या-सांगलीच्या खेड्यांत आज जो मध्यम शेतकरी ताठ मानेने वावरतो, त्याच्या ताठपणात या नोंदीचा वाटा मोठा आहे.

शेताच्या कुळास जे मिळाले ते घराच्या कुळास मात्र मिळाले नाही. आणि का मिळाले नाही याचा इतिहास नीट पाहिला पाहिजे, कारण त्यात केवळ उपेक्षा नाही, चुकलेली दयाही आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत घरटंचाईने माणसे गांजली, तेव्हा १९१८ साली भाड्यावर नियंत्रण आणणारा पहिला कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि त्याने सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण धरून ते जवळजवळ गोठवून टाकले. भाडेकरूस संरक्षण मिळाले खरे. परंतु पन्नास वर्षांत चुना, विटा, मजुरी, घरपट्टी यांचे दर कोठच्या कोठे गेले आणि भाडे मात्र तेथेच राहिले. मग दुरुस्ती थांबली, तुळया कुजल्या, पागडीचा चोरटा व्यवहार फोफावला, आणि मोडकळीस आलेल्या चाळींसाठी १९६९ साली सरकारास इमारत दुरुस्तीचे स्वतंत्र मंडळ स्थापावे लागले. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे गोठविलेले भाडे अवाजवी ठरविले आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम झाला, ज्याने जुन्या भाड्यात दरसाल चार टक्क्यांची वाढ मान्य केली.

परंतु दरम्यानच्या काळात एक निराळीच गोष्ट घडून गेली होती. संरक्षित भाडेकरू एकदा घरात शिरला की निघत नाही, या धास्तीने मालकांनी भाडेपट्टा करणेच सोडून दिले आणि 'लीव्ह अँड लायसन्स' हा मार्ग धरला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे अशा परवान्याने राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरू मानले, पण त्यानंतर आलेल्यांना तो आश्रय उरला नाही. आज आपण बोलताना ज्याला भाडेकरू म्हणतो, मालक ज्याला भाडेकरू म्हणून हाक मारतो आणि जो स्वतःलाही भाडेकरू समजतो, तो दस्तऐवजात बहुधा भाडेकरू नसतोच. तो असतो परवानगीने आलेला इसम, ज्याने मुदत संपताच कब्जा सोडावयाचा आहे, आणि न सोडल्यास दुप्पट रक्कम भरावयाची आहे. हा करार सामान्यतः अकरा महिन्यांचा असतो. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी लागते, ती टाळण्यासाठी पडलेली ही जुनी वहिवाट. वस्तुतः आपल्या राज्यात १९९९ च्या अधिनियमाच्या ५५ व्या कलमान्वये प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, तो नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि तसा नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरावे असे कायदा सांगतो. म्हणजे अकरा महिन्यांचे कारण केव्हाच संपले. पण अकरा महिने राहिले. खेड्यापाड्यांतून तर आजही व्यवहार तोंडी होतो, अनामत रोखीने घेतली जाते, पावती मागणे हा अविश्वास समजला जातो, आणि कलम पुस्तकात राहते.

घराच्या अस्थैर्याविषयी पाटण तालुक्यास कोणी नव्याने सांगावे असे काही नाही. आमच्या डोंगरी गावांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या पुरुषांनी लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या धरल्या होत्या. माझ्या लहानपणी वडीलधाऱ्या माणसाचे बोट धरून मी अशी एक खोली पाहिली: भिंतीलगत एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकीवर रंगाने लिहिलेले नाव, आणि एका वळकटीवर रात्रपाळीचा माणूस उठताच दिवसपाळीचा आडवा होणारा. ती खोली अरुंद होती, पण तिचे भाडे गाव मिळून भरी आणि तेथून एखाद्याला उठवू असे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. दारिद्र्य होते, तरी मुदत होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या, पुढे त्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरे बांधण्याची योजना आली. अर्ज लाखाहून अधिक झाले आणि घरे काही हजार निघाली. इकडे गावाकडे कोयनेच्या धरणाने खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर भुईसपाट केले, आणि जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेघर, ढोकावळे, मिरगाव येथे दरड घरांवर आली. निसर्गाने वा प्रकल्पाने उठविलेल्याच्या पुनर्वसनासाठी, अपुरा का होईना, कायदा आहे, शासननिर्णय आहे, मोर्चा नेण्यासाठी कचेरी आहे. मुदत संपली म्हणून जो मुकाट्याने सामान बांधतो, त्याचे विस्थापन मात्र कोणत्याही नोंदवहीत चढत नाही.

हे विस्थापन लहान वाटते, पण ते मुळास लागते. आपल्या प्रत्येक सरकारी अर्जात 'कायमचा पत्ता' असा एक रकाना असतो. तो भरताना बिऱ्हाडकरूचा हात क्षणभर थांबतो. पत्ता बदलला की शिधापत्रिका, गॅस, बँक, मतदारयादी या सर्व दारांवर पुन्हा उभे राहावे लागते. मुलीची शाळा दूर पडते. किराणा दुकानदाराकडील उधारीची पत, जी ओळखीवर उभी असते, ती पुन्हा शून्यापासून जमवावी लागते. ज्याला पुढील वर्षी येथे असू की नाही याची शाश्वती नाही, तो ग्रामसभेत पाण्याच्या प्रश्नावर बोलत नाही, शाळेच्या समितीवर जात नाही, दाराशी आंब्याचे रोप लावीत नाही. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण कौतुकाने वापरतो. परंतु पाठीवर बिऱ्हाड वाहणाऱ्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि अशा हातांनी लोकशाही उभारली जात नाही. १९८५ साली मुंबईच्या पदपथावरील रहिवाशांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला, त्यामागील तर्क हाच होता की माणूस कामाच्या जवळ राहतो म्हणून जगतो.

मालकाची बाजू मी विसरलेलो नाही. तालुक्याच्या गावी घरमालक हा बहुधा कोणी धनाढ्य नसतो. दोन खोल्यांच्या भाड्यावर औषधपाणी भागविणारी विधवा किंवा निवृत्त शिक्षक असतो, आणि भाडेकरू अडून बसला तर न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्याचे त्राण त्याच्यात नसते. कुळकायद्यातही हेच झाले: कायदा येणार अशी चाहूल लागताच कित्येक कुळांकडून राजीनामे लिहून घेतले गेले, आणि पुढे अनेकांनी जमीन पडीक ठेवली पण खंडाने दिली नाही. घराचेही तसेच आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली, आणि त्यांतील काही कुलुपांमागे केवळ भीती आहे. म्हणून गोठविलेले भाडे हा उपाय नव्हे, तसाच बेमुदत धाकही नव्हे. मालकास योग्य मोबदला आणि घर परत मिळण्याची खात्री, भाडेकरूस मुदत आणि मान, या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात बसतात. बसविण्याची इच्छा मात्र हवी.

ही इच्छा आमच्या लोकप्रतिनिधींनी दाखवावी अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. राहणाऱ्यास हवे असेल तर करार किमान तीन वर्षांचा असावा. त्या काळात भाडे आधी ठरलेल्या टक्क्यानेच वाढावे. भाडे थकविणे, घराची नासधूस करणे, मालकास स्वतःसाठी घराची खरी गरज पडणे, अशा सांगण्याजोग्या कारणावाचून कोणास उठविता येऊ नये. केंद्राने २ जून २०२१ रोजी मान्य केलेल्या आदर्श भाडेकरू अधिनियमात राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. त्यात भाड्याच्या वाढीला कमाल मर्यादा नाही हे उणे असले तरी अनामतीची तरतूद आपण निःसंकोच घ्यावी. तंट्याचा निकाल तालुक्याच्या ठिकाणी, ठराविक महिन्यांत, मालक व भाडेकरू दोघांसाठी सारख्याच वेगाने लागावा. ज्या सातारा जिल्ह्यात स्वातंत्र्यलढ्यातील प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांनी गावात बसून गावचे तंटे मिटविले, तेथे ही अपेक्षा अवाजवी नाही. आणि सरकारने घर म्हणजे केवळ मालकीचे घर हा हट्ट सोडावा: परिचारिका, वाहक, कंत्राटी कामगार, डोंगरावरून शिकण्यास आलेल्या मुली यांना विकत घेण्याचे घर नको असते, परवडणाऱ्या भाड्याचे आणि भरवशाचे घर हवे असते, आणि ते म्हाडाने व नगरपंचायतींनी तालुक्याच्या गावी बांधून भाड्याने द्यावे.

यासाठी अगदी नवी कल्पनाही लढवावी लागणार नाही. ग्रामपंचायतीच्या कचेरीत घरांच्या आकारणीची जी जुनी नोंदवही असते, तीत मालकाच्या नावाशेजारी आणखी एक रकाना आखलेला असतो: भोगवटा करणाऱ्याचे नाव. घर ज्याचे आहे तो आणि घरात जो राहतो तो, हे दोन निराळे असू शकतात आणि दोघांचीही नोंद राज्यकारभाराने ठेवली पाहिजे, हे ज्याने तो रकाना आखला त्याला ठाऊक होते. तेथे नाव लिहिल्याने आज कोणताही हक्क मिळत नाही. सातबाऱ्यावरील कुळाच्या नोंदीला ज्या विधिमंडळाने अर्थ दिला, त्याच विधिमंडळाने या रकान्यालाही अर्थ द्यावा.